मामीचं न दिसणारं दुखणं

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या मामीइतकी रागीट बाई सापडायची नाही, आणि तिच्या रागाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिचं अंग दुखतं. रोज, सगळं. बांगडी रुतते, परकराची नाडी काचते, पंख्याचा वारासुद्धा टोचतो. मग ती पंख्याला शिव्या घालते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणणाऱ्या एका डॉक्टरला ती म्हणाली होती, “मंग त्या रिपोर्टलाच धाडा लावणीला, माझ्या जागी!”

आमच्याकडे भातलावणीला बायका एकमेकींच्या शेतात जातात. मामी दुपारीच बांधावर टेकायची, तेवढ्यावर गावाने तिला कामचोर ठरवलं. बघायला येणाऱ्या बायकांचा तर मला आजही संताप येतो. आजाऱ्याकडे नुसतं बसून त्यांचं भागत नाही, अंग रगडून द्यायचंच असतं. “कुठं दुखतं गं?” म्हणत नेमका तिथेच अंगठा रोवायच्या, आणि मामी किंचाळली की म्हणायच्या, “बघा, नाटकं!” एकीला तिने तेलाच्या वाटीसकट अंगणात घालवलं. बरं केलं. या सगळ्यांची पुढारी तिची सासू, म्हणजे माझी आजी. “काम दिसलं का हिला कळ येते,” हे ती मरेपर्यंत सांगत राहिली.

गेल्या वर्षी कर्जतच्या एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. बारीकसारीक दुखणी वर येऊ देऊ नका, असा निरोप मेंदू पाठीच्या कण्याला सतत देत असतो. मामीचा तो आवर बहुधा सैल पडलाय, त्यामुळे साधी कळही मोठी होऊन पोचते. “दुखणं खरं आहे,” त्या म्हणाल्या. “औषधाने, थोडं थोडं चालण्याने कमी होईल.” मला वाटलं मामी निवेल. ती भडकलीच. “आता सांगता? माझी सासू गेली की!”

पितृपक्षात तिने आजीचं पान कौलांवर ठेवलं, खीर-वडे वाढून. कावळा लगेच आला. मामी त्याला मेंदू, कणा, आवर, सगळं खडसावून सांगू लागली. “ऐकलंत ना, आई? नाटक नाय हाय, डाक्टरीन बोलली. आता तरी बोला, मी कामचोर नाय!”

कावळा वडा उचलून जांभळीवर जाऊन बसला. मामी मान वर करून बघत राहिली. मान दुखत असणारच. मी म्हणालो, “मामी, चल आत.”

“थांब रं,” ती हळूच म्हणाली. “खाताना बोलायची सवय नव्हती त्यांना.”