दुपारच्या भाकरीचा प्रसाद

दोन वर्षं माझ्या घशात कफ चिकटून बसला होता. खाकरून निघत नसे, गिळून जात नसे. भाकरीचा घास गळ्याशी अडला की पाण्याच्या घोटाने खाली लोटावा लागे. दिंद्रुडच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दुकानात आले तरी मी आधी खाकरणार, मग सलाम करणार. ते हसत, मीही हसे, पण पोटात भीती असे. माझे वडील घसा बंद होऊनच गेले होते. ताट समोर असताना माणूस उपाशी कसा जातो, ते मी पाहिलेलं होतं.

माजलगावच्या हकिमांचा काढा झाला, वैद्याचं चाटण झालं. गुण येईना, तेव्हा मी परळीच्या वैजनाथाला नवस बोललो की घसा मोकळा होईपर्यंत एकभुक्त राहीन. दिवसभर नुसतं पाणी प्यायचं आणि दिवेलागणीला गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करून एकदाच जेवायचं. दिवसभराचा भुकेला माणूस बेताने कसा जेवेल? तिखट कालवणात चार भाकरी कुस्करून, पाण्याबरोबर उतरवून मी तिथेच घोंगडीवर आडवा होई. दुखणं वाढतच गेलं. आमची मंडळी म्हणायची, "अवो, देवाला उपाशी माणूस काहून पायजे?" मी डोळे वटारायचो. हट्ट हा आमच्या घराण्याचा दागिना आहे, आणि तो मी कधी गहाण टाकला नाही.

शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं बैलगाडीने परळीला गेलो. मनात श्रद्धेपेक्षा शंकाच जास्त होती. धर्मशाळेत शेजारी आष्टीकडची एक म्हातारी उतरली होती. तिच्याजवळ शिवाची जुनी पोथी होती, पण डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतं. माझं जेवण झालं, मी पाय पसरणार तोच तिने पोथी पुढे केली. "वाच लेकरा. अन् ताठ बस, पाठ टेकू नगं." मी खाकरत, अडखळत वाचत राहिलो. चार दिवस रोज संध्याकाळी तिने मला असंच दोन-दोन घटका बसवून ठेवलं. पाचव्या सकाळी देवळात तीर्थ घेतलं, ते न खाकरता सरळ खाली गेलं. मी गाभाऱ्यातच रडलो.

पोथीनेच गुण दिला, असं मी म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "पोथीचा गुण हायच. पर तू जेवून आडवा पडला न्हाईस, त्याचाबी हाय. माझ्या मालकाचं असंच व्हतं. पोटातलं आंबट वर यायचं अन् घसा पोळायचा. दोन येळा थोडं थोडं खा. बैलासारखा खाऊन लगीच आडवा पडू नगस."

म्हणजे ज्या नवसावर मी भरवसा टाकला होता, तोच माझा घसा जाळत होता. घसा बरा झाल्याशिवाय नवस सुटणार नाही, आणि नवस सुटल्याशिवाय घसा बरा होणार नाही. देवाला दिलेला शब्द मोडायची माझी छाती नव्हती. मी नाही म्हणालो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

मंडळी उठून देवळात गेली. दुपारी परतली तेव्हा तिच्या हातात भाकरी होती. "ही वैजनाथाच्या पायाशी ठिवून आणलीय. परसादानं नेम मोडत न्हाई. आता न्हाई म्हणा बघू." प्रसादाला आमच्यात कोणी नाही म्हणत नाही. मी लिंगाला दाखवून चतकोर खाल्ली. मग तिने उरलेली भाकरी मोडली आणि घाईघाईने खाऊ लागली, तेव्हा मी विचारलं, "तू सकाळी जेवली नाहीस?"

"तुमी उपाशी असताना मी कवा जेवलेय?" ती म्हणाली.

नवस बोलल्या दिवसापासून तीही दिवसभर उपाशी राहत होती. एवढ्या काळात मी देवापुढे फक्त माझा घसा मांडला होता. पुढे घरीही रोज दुपारी तिने तसाच नैवेद्य दाखवला, संध्याकाळी मी बेताने जेवून ओट्यावर बसू लागलो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कफ गेला. म्हातारी पुन्हा भेटली नाही. तिला कोणी धाडलं, याचा खल मी करत नाही. आपला हट्ट देवाच्या पायाशी ठेवला की त्याला आपल्यासाठी काही करता येतं, एवढं मला कळलं. आता दुपारी पहिला घास मी मंडळीला देतो. ती लाजते, पण खाते.