डाव्या कानात ड्रम नव्हते: निर्मल ते तलमडुगु, एका दिवसात

गेल्या वर्षी या ब्लॉगवर मी एका हेडफोनबद्दल आणि तो विकणाऱ्या आदिलाबादच्या एका दुकानाबद्दल वाईट लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. हे मला कळल्याला तीन आठवडे झाले, आणि दुकानदाराला समोर जाऊन सांगायचं ठरवायला तितकेच दिवस लागले. फोन करता आला असता. पण बोलताना मी दुकानात उभी राहून, चार गिऱ्हाइकांसमोर बोलले होते.

चूक काय झाली ते आधी सांगते, कारण जुन्या जाझच्या नव्याने काढलेल्या तबकड्या, म्हणजे रीइश्यू, जमवणाऱ्या कुणाचीही ती होऊ शकते. माझ्याकडे अकरा आहेत. तेलंगणातल्या निर्मल गावी माझ्या भाड्याच्या खोलीच्या भिंती पातळ आहेत म्हणून हेडफोन हवा, आणि पगार कारकुनाचा म्हणून तो दीड हजाराच्या आतला, वायरचा. तोवर मी प्लेअरच्या छोट्या स्पीकरवरच ऐकत होते, त्यात सगळी वाद्यं एकत्रच येत. नवा हेडफोन लावून आवडती तबकडी लावली, तर डाव्या कानात नुसता सॅक्सोफोन. ड्रम नाहीतच. हेडफोन बदलून आणला, दुसऱ्याचंही तेच. दुकानदाराने निमूट पैसे परत दिले. मी घरी येऊन पाटीच्या फोटोसकट लिहिलं की इथे खराब माल खपवतात.

मग त्याच ध्वनिमुद्रणाचा मोनो रीइश्यू कुरियरने आला. ऑफिसमधल्या मैत्रिणीचा हेडफोन लावून ऐकला, तर दोन्ही कानांत सगळी वाद्यं. कव्हरच्या मागच्या मजकुरात लिहिलं होतं की स्टीरिओ नवं होतं तेव्हा वाद्यं अशीच वाटून टाकत, एक पार डावीकडे, दुसरं पार उजवीकडे. मैत्रिणीच्या हेडफोनवर माझी आधीची, स्टीरिओ तबकडी लावली. डाव्या कानात ड्रम नव्हते.

सकाळी सातची आदिलाबादची एक्सप्रेस बस पकडली. तेलंगणाचा पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवलं की बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, पण मूळ कार्ड जवळ ठेवा. आमच्या कंडक्टरने फोनमधला फोटो मानला नाही. उजवीकडची खिडकी धरा, डिसेंबरात त्या बाजूला ऊन येतं. घाटात सागाच्या पानांवर धूळ आणि धुकं एकत्र बसलेलं होतं. इच्चोड्याला बस थांबली तेव्हा चहा घेतला, पण अर्धाच प्यायला. दोन तास मी मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य मला स्वतःची बाजू घेणारं वाटत होतं.

आदिलाबादला कापसाच्या गाड्यांची रांग बाजाराबाहेर रस्त्यापर्यंत आली होती. दुकानाला कुलूप. शेजारचा शिलाई मशीनवाला म्हणाला, "भाई तो गाँव गए, तलमडुगु। कपास चुन रहे। परसों आएँगे।"

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. शेअर ऑटो विचारला. तलमडुगुचे ऑटो भरल्याशिवाय सुटत नाहीत; माझा अर्ध्या तासाने सुटला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, पांढरा कापूस, मधेच ज्वारीची उभी पट्टी. रस्ता ठीक आहे, पण कानाला रुमाल बांधा.

गावात विचारत विचारत शेतात पोचले. दुकानदार रामदासभाऊ आणि त्यांची बायको कापूस वेचत होते. भाऊंच्या गळ्यात हेडफोन होता. मी परत केलेलाच.

"वळखलं तुमाले," ते म्हणाले. "डाव्या कानवाल्या ताई."

"ह्याच का त्या?" वहिनींनी ओटीतला कापूस न सोडता मला खालपासून वर पाहिलं.

बसमधली सगळी वाक्यं गेली. "भाऊ, तुमचा माल चांगला होता. रेकॉर्डच तशी होती. मीच चुकले."

"मी तुमाले दुकानात काय म्हटलं होतं? बातम्या लावून पाहा. बातम्यावाल्याचा आवाज दोनी कानात सारखा येते. एका कानात आला तं माल खराब."

म्हणाले होते. आणि मी उत्तर दिलं होतं की मी बातम्यांसाठी हेडफोन घेतलेला नाही.

माझ्या फोनला अजून वायरची सोय आहे. मी त्यांना तेच ध्वनिमुद्रण लावून दिलं. भाऊंनी डोळे बारीक करून ऐकलं.

"एका कानात नवरदेव, एका कानात वरात," ते म्हणाले. "असं काऊन करून राह्यले ते?"

"आना इकडं," वहिनी म्हणाल्या. "मले वरातच आयकाची हाय."

त्या हसल्या म्हणून मीही हसले. मग भाऊंनी सांगितलं की एका शाळेच्या कंप्युटरच्या खोलीसाठी सरांनी वीस हेडफोन सांगितले होते. माझं लिहिणं वाचून नको म्हणाले.

"मी सरांना भेटते."

"त्यायनं घेतले दुसरीकडून. आता भेटून काय कराल? ते काढून टाका तेवढं."

इथे मी अडखळले. तिसरीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं. चुकलं तर खोडरबर नाही, एक रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं, म्हणजे चूक दिसत राहते. मी भाऊंना तेच सांगितलं: जुनं तसंच ठेवते, त्यावर रेघ मारते, खाली माफी लिहिते. पुसून टाकणं म्हणजे लपवणं झालं.

"ताई, लोक पाटीचा फोटू पाहतेत. रेघ कोन पाहते? तुमाले तुमचं खरेपन दाखवाचं हाय, दाखवा. तेच्यात माह्यं दुकान काऊन?"

ते बरोबर होते, आणि आई चूक नव्हती. पण आईच्या वहीत फक्त माझं नाव असायचं.

नेटवर्क विहिरीच्या कठड्याजवळच येत होतं. तिथे उभी राहून मी ती नोंद फोटोसकट काढून टाकली. भाऊंनी माझा फोन घेतला, दुकानाचं नाव टाकून स्वतः शोधलं, दोनदा. काही आलं नाही.

"बसा. भाकर खा," मग ते म्हणाले.

ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कच्चा कांदा. वहिनींनी मला तिसरी भाकरही वाढली. मी हेडफोन विकत मागितला, तर भाऊ म्हणाले, "वापरलेला नाही इकत मी. परवा दुकानात या."

संध्याकाळच्या बसने निर्मल. खर्च ऑटोचा आणि अर्ध्या चहाचा.

दुकानाचं नाव मी इथे मुद्दाम दिलेलं नाही. तुमच्यासाठी राहील तो बातम्यांचा उपाय: कोणताही स्वस्त हेडफोन घेताना आधी माणसाचं बोलणं लावा, जाझ नंतर. माझ्यासाठी काय राहिलं ते अजून नीट सांगता येत नाही. ती नोंद गेली, तरी वाचणाऱ्यांच्या डोक्यातून गेली नाही. तिच्याखाली चार जणांनी लिहिलं होतं की आता तिथून काही घेणार नाही. तिघांना मी कळवलं. चौथ्याने नाव किंवा पत्ता ठेवला नव्हता.

ते चौथे तुम्ही असाल आणि हे वाचत असाल, तर तो माल चांगला होता. नीट न तपासता लिहिलं ते मी.