बोटभर रायफलींची पूजा

थ्री नॉट थ्री रायफल साडेचव्वेचाळीस इंच लांब असते. तिच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी करायची तर सव्वा इंच आणि वर केसभर. हे मी पोस्टमनला पहिल्याच दिवशी कागदावर आकडा मांडून दाखवलं. तो म्हणाला, "ग्रँड." पहिली रायफल करून नेली, तेव्हाही ग्रँड. ती चिमट्यातून उडाली आणि हॉलच्या चटईत कायमची गेली, तेव्हाही ग्रँडच. या देशात पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, माणूस दवाखान्यात पडला तरी तो ग्रँड असतो. डोकं उठतं माझं.

पोस्टमन म्हणजे इथं आयर्लंडात मेनूथला मॉडेलं बनवणारे जे सात-आठ म्हातारे आहेत त्यांचा म्होरक्या. जन्मभर टपाल वाटलं, आता दर मंगळवारी हॉलमध्ये बसून चिमुकले रणगाडे रंगवतो. मला तो सार्जंट म्हणतो. मी सार्जंट नव्हतो. जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागारात होतो, एकतीस वर्षं. बंदुका उघडायच्या, पुसायच्या, स्प्रिंग बदलायची, तेल द्यायचं, वहीत सही घेऊन बाहेर द्यायच्या. शिक्षण सातवी. हे त्याला दहादा सांगितलं. "राइट, सार्जंट," म्हणाला.

बायको फाल्गुनात गेली. चैत्रात मुलगा इकडं घेऊन आला. तिकडं एकटे काय करणार, म्हणाला. इकडं काय करणार ते कुणी सांगितलं नाही. मुलगा सकाळी डब्लिनला जातो, सूनबाई कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. मी घरात बसून टोस्टर उघडला. मग केटल उघडली. मग तिच्या कुकरची शिट्टी उघडली, तेव्हा ती मला गाडीत घालून त्या हॉलवर सोडून आली. "बाबा, तिथं पण सगळे असंच काहीतरी खुडबूड करत बसतात. बघा तरी."

बघितलं. मोठ्या पाटावर शंभर वर्षांपूर्वीचा इथलाच एक गावरस्ता केलेला. वळण, दगडी बांध, झुडपं, चिखलात गाडीच्या चाकाच्या खुणा. बांधाआड बारा माणसं दबा धरून पडलेली, पलीकडून इंग्रजांच्या सैन्याची लॉरी येतेय. सगळं बेस. पण माणसांच्या हातातल्या बंदुका बघितल्या आणि मला राहवेना. खोक्यातून तयार आलेल्या प्लास्टिकच्या. नळी एवढी जाड की खरी असती तर तिच्यातून लिंबू उडालं असतं. बोल्टाला मूठ नाही, मॅगझीन पुढं सरकलेलं. म्हटलं, "धिस इज नॉट रायफल. धिस इज पाइप." आणि या बाराच्या बारा मी करतो असं बोलून बसलो.

रायफल आमचीच. त्यांच्या म्हाताऱ्यांनी वापरली तीच आमच्या पोलिसांनी परवा-परवापर्यंत खांद्यावर वागवली. डोळे मिटून उघडली असेल मी. पण सव्वा इंचाची करायची म्हणजे डोळ्यांची वाट. दस्ता आइस्क्रीमच्या काडीचा, ब्लेडनं तासून. नळीला पोस्टमनच्या गिटारची जुनी तार. घोड्याभोवतीची कडी तांब्याची तार चेपून, मॅगझीन कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचं. बोल्टाची मूठ म्हणजे वाकवलेल्या तारेच्या टोकावर डिंकाचा एक थेंब, तो वाळेपर्यंत श्वास धरायचा. पट्टा चहाच्या पिशवीच्या कागदाचा. एक रायफल व्हायला आठवडा. सूनबाईच्या जेवणाच्या टेबलावर ब्लेडचे चरे पडले, तिच्या हळदीच्या प्रेसमध्ये माझा डिंक सापडला. प्रेस म्हणजे कपाट. त्यावरून घरात दोन दिवस शांतता.

"बाबा, विषारी असतो तो डिंक."

"मग हळद दुसरीकडं ठेव."

मला एवढंच पाहिजे होतं, की हॉलमध्ये शनिवारी भरणाऱ्या प्रदर्शनात त्या बारा रायफली आत्ता शस्त्रागारातून निघाल्यासारख्या दिसाव्यात. एकतीस वर्षांत माझ्या हातून गंजलेली रायफल बाहेर गेली नाही. साहेबांनी नळीत पांढरा रुमाल फिरवून बघितलाय, डाग सापडला नाही. आणि खरं सांगायचं तर, बायको गेल्यापासून मी धड केलेलं हे एकच काम. बाकी खातो, झोपतो.

बारावी पूर्ण झाली ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. वरून वॉर्निशचा हात दिला. इथल्या दमट हवेत ते वाळायला रडवतं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, आई गेल्याचं पहिलं वर्ष आहे. सण करायचा नसतो ना?"

"सण कोण करतंय? हत्यारांची पूजा आहे. हत्याराला सुतक नसतं."

असा काही नियम आहे का, मला ठाऊक नाही. मी ठोकून दिलं.

आमच्याकडं ही पूजा बायको करायची. मुख्यालयात साहेब करायचे, फुलं, फोटो, पेढे. पण माझी स्वतःची पेटी घरी यायची आणि ती एकेक हत्यार पुसून पाटावर मांडायची. स्क्रूड्रायव्हर, कानस, पंच, सगळ्यांना हळद-कुंकू. मी ओरडायचो, "अगं, वर्नियरला लावू नको, माप बिघडेल." ती लावायचीच. पण कशी, तर उदबत्तीची काडी ओल्या कुंकवात बुडवून, मोहरीएवढा ठिपका. पुसायला गेलं तर कुठं होता तेही कळू नये. मी एकतीस वर्षं नुसता शेजारी उभा राहून कटकट केली. हात एकदाही लावला नाही.

तर नवमीला सकाळी मी पाट मांडला. कानस, चिमटे, ब्लेड, हातड्रिल, आणि पुढं बारा रायफली ओळीत. हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि अंगठ्यानं लावत सुटलो. अंगठाच लावतात असं आपलं डोक्यात. माझा अंगठा म्हणजे अर्धी रायफल. बोल्ट, नेम धरायचं मागचं निशाण, दस्ता, सगळ्यावरून एक फराटा. मला तेव्हा ते दिसलंच नाही. चष्मा पाटाजवळच होता, घातला नव्हता. का नव्हता घातला ते विचारू नका.

संध्याकाळी पोस्टमन रायफली न्यायला आला. माणसांच्या हातात त्या चिकटवायच्या होत्या. मी म्हटलं, "टुडे नो टच. टुमॉरो."

"उद्या? परवा प्रदर्शन आहे, सार्जंट."

"टुडे दे आर रेस्टिंग."

त्यानं बारा रायफलींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, सूनबाईकडं बघितलं. ती पोर कानकोंडी होऊन त्याला इंग्रजीत समजावत राहिली, की पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. तो चहा पिऊन गेला. शहाणा असता तर भांडला असता. भांडला असता तर मी चष्मा घालून एकदा बघितलं तरी असतं.

दसऱ्याच्या सकाळी रायफली उचलल्या. कुंकू अर्धवट ओल्या वॉर्निशात बसून दगड झालेलं. इथल्या दुकानातलं ते कुंकू म्हणजे नुसता रंग. स्पिरिटनं पुसलं तर वॉर्निश निघालं आणि लाल पाणी काडीच्या रेषारेषांत शिरलं. बोल्टावर तपकिरी, मॅगझीनवर तांबडं, निशाणाखाली पिवळं. बाराच्या बारा. ब्लेडनं खरवडायला गेलो तर एकीचा दस्ता मोडला. तो चिकटवला. मग कपाळाला हात लावून बसलो.

सूनबाई ऑफिसला निघाली होती. बॅग खाली ठेवून शेजारी येऊन बसली.

"बाबा, लांबून नाही कळत."

"रायफल लांबून बघत नसतात."

"एवढं काय हो त्यात? आईंनी केली असती पूजा तर..."

"तिनं केली असती तर हे झालं नसतं!" मी ओरडलोच. ती डोळे पुसून उठली, आणि जाताना माझ्यापुढं चहा ठेवून गेली. मी तो प्यालो नाही.

पोस्टमन दुपारी आला. भिंग लावून एकेक बघितली. मी वाट बघत होतो, आता तरी हा शिवी देईल. तर म्हणतो, "गंज! सार्जंट, गंज काय जमवलाय. महिनोन्‌महिने ओल्या गवतात लपवलेल्या बंदुका, अशाच दिसणार की." आणि घेऊन गेला.

शनिवारी प्रदर्शनात गेलो तर पाटापुढं जाड कागदाची पाटी. त्याच्या अक्षरात, की रायफली संपूर्ण हातानं घडवल्या आहेत, गंजासकट, करणार सार्जंट. माझं डोकं फिरलं. शंभर लोकांसमोर माझ्या नावावर गंज. सार्जंट तर सार्जंट, पण गंज?

"नो रस्ट! कट इट!"

"मग हे तांबडं काय आहे?"

आता आली का पंचाईत. माझं इंग्रजी ते केवढं. "पूजा," म्हटलं. "वेपन, प्रे. एव्हरी इयर वाइफ डू. वाइफ..." पुढचा शब्द मला येत होता. तो इथं कुणासमोर तोंडातून काढला नव्हता. "डेड."

पोस्टमननं खिशातून पेन काढलं आणि 'गंजासकट' वर रेघ मारली. मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय. पुढचं जोडपं आलं आणि हा वाकून, आवाज उतरवून त्यांना सांगायला लागला, की हे तांबडं दिसतंय ना, तो यांच्या बायकोच्या हातचा आशीर्वाद. ती आता नाही. त्या बाईनं छातीला हात लावला. नवऱ्यानं भिंग घेतलं. मग दुसरे आले, त्यांनाही तेच. पाटापाशी रांग लागली. जो तो भिंगातून बघतोय, माना हलवतोय.

भिंग मोकळं झाल्यावर मी जाऊन बघितलं. चौथ्या रायफलीवर माझ्या अंगठ्याच्या रेघासुद्धा उमटलेल्या. निशाण बुजलेलं. बोल्टाच्या मुठीवर हळदीचा गोळा. हे असलं काम हे लोक तिच्या नावावर बघत होते. जिनं वर्नियरवरही मोहरीपेक्षा मोठा ठिपका लावला नाही, तिच्या नावावर हा फराटा. आणि हे सगळे घरी जाऊन सांगणार, एका बाईनं केलं म्हणून.

मी पोस्टमनचा कोपर धरला. "वाइफ नो. वाइफ व्हेरी गुड वर्क. स्मॉल, स्मॉल. धिस बॅड. धिस मी."

"इट्स लव्हली, सार्जंट."

"नॉट लव्हली! राइट रस्ट."

"तूच तर खोडायला लावलंस."

"राइट. रस्ट. आय मेक रस्ट."

त्यानं पाटी उलटी केली, कोऱ्या बाजूला पहिल्यापासून सगळं परत लिहिलं आणि गंजाचा शब्द जरा मोठाच काढला. मी प्रत्येक अक्षर तपासलं, ती पाटी सरळ उभी केली आणि पाटाशेजारी उभा राहिलो, संध्याकाळपर्यंत. गुडघे बोंबलत होते. एक उंच म्हातारा आला, भिंगातून बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडं वळून म्हणाला, असला अस्सल गंज आजवर बघितला नाही.

"थँक्यू," म्हटलं मी, दात आवळून.