सूर्य उगवल्यानंतरची नीरा

आमच्या आबांनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात एकदाच दारू घेतली, आणि ती त्यांना मी पाजली. तीही सकाळी, उपाशीपोटी, पंचायतीला बसायच्या ऐन तोंडावर.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. सिरसाळ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव आणि आबा, म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती, झाडांचा गुत्ता, म्हणजे ठेका, सरकारनं दिलेला होता आणि वेशीबाहेर शिंदीचं दुकान होतं. शिंदी सरकारनं विकवायची आणि पिणाऱ्याला शिक्षा आबांनी करायची, असा दोघांचाही कारभार चाळीस वर्षं जोरात चालला होता! आबांची रीत साधी होती. संशयिताला चावडीत उभं करायचं, त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायचं आणि म्हणायचं, "फुंक." त्या नाकानं दिलेल्या निकालावर हैदराबादेतसुद्धा अपील नव्हतं.

हे मी स्वानुभवानं सांगतो. विशीत मी आणि शेजारचा किसन रोज संध्याकाळी दुकानावर असायचो. एकदा आबा मला म्हणाले, "फुंक." मी फुंकलं. तो अख्खा दिवस मी चावडीच्या खांबाला बांधलेला होतो, आणि त्याच आठवड्यात कपिलधारच्या धबधब्याखाली उभा होतो. "घे शपथ!" आबा काठावरून ओरडले. महिना पौषाचा. तसल्या पाण्यात माणूस कसलीही शपथ घेतो. (मी तर न मागितलेल्या दोन जास्तीच्या घेतल्या. तंबाखूची मोडली, दुसरी कसली होती ते आठवत नाही.)

शिंदी मात्र सुटली ती सुटलीच. तिच्या जागी दुसरं व्यसन लागलं, लोकांना शिंदी सोडायला सांगण्याचं! ज्यानं कधी घेतलेली नसते तो दोन शब्द बोलून गप्प बसतो. ज्यानं सोडलेली असते तो समोरच्याला उठू देत नाही.

किसननं काही सोडली नाही. विशीत तो मजेसाठी प्यायचा, तिशीत कंबर दुखते म्हणून, आणि चाळिशीला आल्यावर झोप येत नाही म्हणून. कारणं म्हातारी होत गेली, शिंदी तेवढी तरणी राहिली. शेवटी त्याच्या लेकीचं, सरूचं, लग्न ठरवायच्या सुपारीच्या दिवशी तो झिंगून आला आणि धर्मापुरीच्या भानुदासराव व्याह्यांची उराभेट घ्यायची सोडून त्यांच्या घोड्याच्या गळ्यात पडला. वर घोड्यालाच म्हणाला, "पोरीला नीट सांभाळा, व्याही!"

भानुदासरावांनी तिथंच पागोटं उचललं. आबांनी मध्ये पडून कसंबसं मिटवलं. ठरलं असं की किसननं महिनाभर शिंदीला शिवायचं नाही. महिना भरला की व्याह्यांच्या देखत आबा त्याचं तोंड हुंगतील. निर्मळ निघालं तर आठव्या दिवशी लग्न, नाहीतर सोयरीक मोडली आणि किसन वाळीत.

किसननं महिनाभर थेंब घेतला नाही. सुकून काटकी झाला, पण घेतली नाही. सरू एकुलती एक होती.

आता इकडं आबांना चैत्रात उन्हाळी लागली. लघवीची आग होई, आणि गावचा पाटील घरातल्या घरात पाय आपटत फिरे. परळीहून हकीमसाहेब आले. नाडी बघून म्हणाले, "पाटीलसाब, शिंदी की ताजी नीरा पिओ. सूरज निकलने के पहले पिओ तो दवा. बाद में पिओ तो दारू!"

आबांना शिंदीच्या झाडाचं नाव काढलेलंही आवडलं नाही. पण आग ती आग. "गोइंदा," मला म्हणाले, "दुसऱ्या कुनाला धाडू नगं. तूच जा. आन् अंधारात जा, अंधारात ये."

दोन दिवस मी नेमानं पहाटे जाऊन मडकं भरून आणलं. गोड, गार नीरा. आबांना उतार पडला. तिसरा दिवस उजाडला तो पंचायतीचा, किसनचा महिना भरल्याचा. मी नेहमीसारखा ओढ्यावर गेलो, मडकं भरून घेतलं आणि निघालो, तो वाटेत तिघंजण झाडाखाली बसलेले! सकाळीच! समोर शिंदीनं भरलेला मोगा!

मी थांबलो. (न थांबतो तर पुढचं काहीच झालं नसतं.)

"आरं, कावून पिताव ह्ये?" मी सुरुवात केली. "मला बगा. मी बी पीत व्हतो..."

तिघं गरीब होते. पाटलाचा पोरगा बोलतोय म्हणून उठता येईना, आणि पाटलाचा पोरगा समोर आहे म्हणून पिता येईना. मी त्यांना खांब सांगितला, धबधबा सांगितला, संसाराची होळी सांगितली. एकजण डोळे पुसायला लागला तेव्हा मला आणखी चेव आला. (तो जागरणानं डोळे चोळत होता हे नंतर कळलं.) ऊन पाठीवर चटका द्यायला लागलं तेव्हा मी भानावर आलो. सूर्य चांगला कासराभर वर आला होता आणि हातातलं मडकं बारीक आवाजात फसफसत होतं.

ओतून द्यायला हवं होतं. पण रिकाम्या हातानं आबांपुढं कोण जाणार? मी फेस बोटानं काढून टाकला आणि घरी आलो.

आबा पूजा उरकून दारातच उभे. "कुटं मेलतास?" म्हणत त्यांनी तांब्या भरला, एका दमात रिकामा केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आज आंबट लागती रं."

"कैरीचे दिस हाईत ना, आबा," मी म्हणालो. "झाडं जराशी आंबटच देत्यात."

आबांनी मान हलवली आणि दुसरा तांब्या भरला. मग तिसरा. "आंबट हाय, पर बरी वाटती," म्हणाले.

चावडीत सगळं गाव जमलं होतं. भानुदासराव ताठ बसले होते. किसन नवं धोतर नेसून, हात जोडून मधोमध उभा होता, आणि बाहेर पिंपळाखाली त्याची बायको पदराचं टोक चावत होती. आबा आले. चालणं ठीक होतं, फक्त उंबरा नसलेल्या ठिकाणीही त्यांनी एकदा पाय उंच उचलला. माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"किसन," आबा त्याच्या तोंडाजवळ गेले. "फुंक."

किसननं फुंकलं. पोराच्या निकालाची वाट बघावी तशी सगळी चावडी आबांच्या नाकाकडं बघत होती. आबांचं नाक हललं. पुन्हा हललं. चेहरा काळवंडला.

"वास येतोय," आबा म्हणाले.

"आबा!" किसन ओरडला. "सरूची आन! महिना झाला, थेंब न्हाई!"

"चाळीस वरसं हुंगतोय मी! शिंदीचा वास हाय!"

बाहेर किसनच्या बायकोनं हंबरडा फोडला. भानुदासराव पागोटं सावरत उठायला लागले. मी खांबाला धरून उभा होतो. (तोच खांब!) वास कुणाचा आहे हे त्या चावडीत मला एकट्याला माहीत होतं. सांगावं तर आबांची चाळीस वर्षांची अब्रू जाते, न सांगावं तर सरूचं लग्न. जीभ टाळूला चिकटली. सकाळी तास-दोन तास न थकता चाललेली जीभ ती!

तेवढ्यात शेजारी बसलेले सोपानकाका पंच म्हणाले, "पाटील, मला तर काय वास येईना."

"तुमाला?" आबांनी वळून त्यांचं तोंड हुंगलं आणि मागं सरकले. "सोपान! तू बी?"

"मी? आहो, मी माळकरी!"

"फुंक! ...अरारारा! माळ घालून पितोस?"

मग आबा ओळीनं निघाले. पहिला पंच, वास. दुसरा पंच, वास. चौकीदार, वास. जिथं आबा जातील तिथं वास! "आख्खा गाव प्यालाय!" आबांचा आवाज फाटला. "मी उन्हाळीनं दोन दिस घरात बसलो, तर आख्खा गाव!" आणि कुणाला काही सुचायच्या आत त्यांनी भानुदासरावांच्या खांद्यावर हात टाकला. "फुंका, व्याही."

"मी पावना हाय, पाटील!"

"फुंका!"

भानुदासरावांनी रागानं फुंकलं. आबांनी डोळे मिटले. "किसन," ते जड आवाजात म्हणाले, "हितं सोयरीक करू नगंस. ह्ये बी पेताड हाईत."

भानुदासराव लालबुंद झाले. "घोडा काढा! ह्या गावची पोरगी माज्या उंबऱ्याला नगं!"

किसननं धावत येऊन आबांचे पाय धरले. वर मान केली, आणि आबांचा श्वास नेमका त्याच्या तोंडावर आला. तो थबकला. शिंदीचा वास त्याला ओळखू येणार नाही तर कुणाला? त्यानं आबांकडं बघितलं, मग सावकाश माझ्याकडं. मी मान खाली घातली. आता हा बोलणार, असं वाटलं.

पण किसन आबांचे पाय न सोडता म्हणाला, "वास माजाच हाय, आबा. मीच प्यालोय. मला गावाबाहीर काढा. पर व्याह्यांना थांबवा. पोरीचा काय दोष हाय?"

त्या एका वाक्यानं माझं काळीज हललं. विशीत माझ्याबरोबर मोगा रिकामा करणारा हा माणूस आबांच्या अब्रूसाठी स्वतःला वाळीत टाकून घेत होता, आणि वीस वर्षं शिंदीला न शिवलेला मी खांबाला पाठ लावून उभा!

"थांबा!" मी पुढं झालो. "किसन न्हाई. मी प्यालोय! समदा वास माजा हाय!"

भानुदासराव दारातून परत फिरले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "फुंका."

मी जीव खाऊन फुंकलं.

"लसूण," भानुदासराव म्हणाले.

"न्हाई, न्हाई, नीट हुंगा!"

"लसणाची चटणी आन् भाकर. शिंदी न्हाई."

सोपानकाकांनीही हुंगलं. त्यांनाही लसूणच आला. विशीत मी "प्यालो न्हाई" म्हणायचो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नसे. आता "प्यालोय" म्हणत होतो, तरी कुणी ठेवीना!

आता एकच वाट उरली होती. "आबा," मी म्हणालो, "वास तुमचा हाय."

बाहेर घोडा फुरफुरला. आबांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग हाताची ओंजळ तोंडापुढं धरली आणि स्वतःलाच हुकूम केला, "फुंक." फुंकलं. हुंगलं. खूप वेळ हुंगलं. ते मटकन खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून समोर ठेवलं. आबांना बोडक्या डोक्यानं चावडीत मी पहिल्यांदा बघत होतो.

"किसन निर्मळ हाय," ते म्हणाले. "वास माजा हाय. पंचहो, न्याय करा." मग माझ्याकडं वळले. "ती नीरा कवाची व्हती?"

"पहाटंचीच, आबा. पर मला यायला उशीर झाला."

"कावून? कुटं गेलतास?"

मी किसनकडं बघितलं. "बोल बे!" किसन म्हणाला.

"वाटंत तिघंजन पीत बसलते," मी म्हणालो. "त्यांना शिंदी सोडा म्हनून सांगत व्हतो."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग भानुदासरावांच्या मिशा थरथरल्या. ते दाबत होते, दाबत होते आणि एकदम फुटले! पोट धरून खाली बसले. सोपानकाका हसले, पंच हसले, किसनची बायको डोळे पुसता पुसता हसायला लागली. भानुदासरावांनी पागोटं उचलून स्वतःच्या हातानं आबांच्या डोक्यावर ठेवलं. "पाटील," ते म्हणाले, "औशिदाला कोन गुन्हा म्हंतंय? आन् सोता प्यालेला माणूस समद्यांपुढं वास माजा म्हंतोय, असल्या गावची पोरगी मी सोडनार न्हाई."

आबा मात्र ऐकेनात. गुन्हा घडला म्हणजे शिक्षा झाली पाहिजे! आणि शिक्षा किसननं सांगायची, कारण खोटा आळ त्याच्यावर आला होता. किसननं कान खाजवला, आबांच्या पाया पडला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"लग्नाला जेवढं पानी लागंल तेवढं ह्यानं एकल्यानं कावडीनं वाहावं."

चैत्राचं ऊन, ओढा आटलेला, नदी अर्ध्या कोसावर, आणि धर्मापुरीची वरात तीनशे माणसांची. (त्यात घोडा धरलेला नाही.) सरूचं लग्न थाटात झालं असं म्हणतात. मला माहीत नाही, मी नदीवर होतो. आबांनी त्यानंतर कुणाचं तोंड हुंगलं नाही. कुणी पिऊन सापडला तर त्याला शेजारी बसवायचे, घरी काय झालंय ते विचारायचे, आणि झेपेल ती मदत करायचे. गावातलं पिणं थोडं कमीही झालं. किसन सणासुदीला घ्यायचा, पण लेकीच्या सासरी जायच्या आठवड्यात कधीच नाही.

वरात गेल्यावर मी पडवीत पालथा पडलो होतो. दोन्ही खांद्यांची सालटी निघाली होती. आबा आले, शेजारी बसले आणि खांद्यांना खोबरेल लावायला लागले. मला भरून आलं. म्हटलं, आता बाप चार शब्द मायेचे बोलणार.

"गोइंदा," आबा म्हणाले, "तू पीत व्हतास तवा लई बरा व्हतास रं. निदान गप पडून तरी राहायचास."