मावशीचा ग्राइंडर

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन तिच्याकडे पाठवतात. ती त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढते, मेणात दात बसवून बघते, मग पक्की कवळी तयार झाली की ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करते. पूर्वी ती एका लॅबमध्ये नोकरीला होती. काकांचं अर्धं अंग गेलं तेव्हा त्यांच्यापाशी दिवसभर थांबणार कोण, म्हणून तिनं नोकरी सोडली आणि घरातच मागच्या खोलीत टेबल मांडलं.

काका पुढच्या खोलीत कॉटवर. काही हवं असलं की ते काठी आपटत. मावशी हातातलं टाकून उठायची, त्यांना कुशीवर वळवायची, पाणी पाजायची. परत येईपर्यंत मेण थिजलेलं असायचं. मग पुन्हा दिवा पेटवा, पुन्हा पहिल्यापासून.

एक दिवस नगरपालिकेचा माणूस दारात उभा राहिला. मागून ग्राइंडरची घरघर ऐकू येतच होती.

"बाई, हा निवासी विभाग आहे. इथे यंत्र चालवता येत नाही. तक्रार आली आहे."

"कुणाची?"

"सुनावणीला या, तिथे कळेल."

तेव्हापासून मावशीला सगळी गल्लीच परकी वाटायला लागली. समोरची बाई बघून हसली तरी ही मनात म्हणायची, हिनंच केलं असणार.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. काकांपाशी माझ्या आईला बसवलं होतं. साहेबांच्या खोलीत पाहिलं तर तक्रारदार म्हणून वरच्या मजल्यावरचा बस ड्रायव्हर बसलेला. एकटा राहणारा, रात्रीच्या गाडीवर असणारा माणूस. डोळे तांबारलेले. तो मावशीकडे बघेचना.

"साहेब, काकू माणूस म्हणून वाईट नाहीत," तो म्हणाला. "पण मी सकाळी घरी येतो, डोळा लागतोय न लागतोय तोच खालून घर्रर्र सुरू होतं. परवा स्टिअरिंगवर डुलकी लागली मला. मागे सगळी गाडी माझ्या भरवशावर झोपलेली."

मावशी भांडायची तयारी करून आली होती. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अहो, मला सांगायचंत ना आधी."

"आलो होतो, काकू. दोनदा. एकदा तुम्ही काकांना भरवत होतात, एकदा त्यांचं अंग पुसत होतात. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

साहेबांनी नियम समजावून सांगितला. घरच्या माणसानं हातानं करायचं काम चालेल, विजेचं यंत्र चालणार नाही. ग्राइंडर बाजाराच्या भागात न्यावा लागेल.

"साहेब, ग्राइंडर नेईन. नवरा कसा नेऊ?"

साहेबांनी फाइल मिटली. "बाई, विभागांचा नकाशा काही मी काढलेला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मावशीनं बाजारात सायकल दुकानाच्या मागे एक गाळा घेतला. मेणाचं काम घरी, घासकाम तिकडे. काकांसाठी बाई ठेवली, ती टिकली नाही. दुसरी तर पहिल्याच दिवशी काकांच्या काठीला वैतागून गेली. मावशी गाळ्यात बसली तरी कान घराकडे.

मग एका सकाळी ड्रायव्हर स्वतःच खाली आला. "काकू, किल्ली माझ्याकडे ठेवा. दिवसा या गल्लीत माझ्याशिवाय असतं कोण?"

"आणि तुमची झोप?"

"वरची खोली नाहीतरी उन्हानं भट्टीसारखी तापते. तुमची मागची खोली आता दिवसा मोकळीच असते ना? तिथेच अंग टाकीन."

मावशीला आधी रागच आला. हिचं यंत्र उठवलं आणि आता हाच तिथे पसरणार! पण रागावायलाही अंगात जोर लागतो. तिनं किल्ली दिली.

आता काका मधूनच काठी आपटतात, ड्रायव्हर डोळे न उघडताच उठतो, त्यांना पाणी देतो, वळवतो आणि पुन्हा जाऊन पडतो. परवा मला म्हणाला, "ताई, खरं सांगू? यांच्या काठीपेक्षा ग्राइंडर परवडला." काका ऐकत होते. वाकड्या तोंडानं का होईना, खुदकन हसले.

मी मावशीला म्हटलं, "आता तो तुझ्या बाजूनं बोलेल. थोडा वेळ तरी घरी यंत्र चालवू द्या म्हणून पुन्हा अर्ज करूया का?"

ती नुकतीच गाळ्यावरून आली होती. केसांत कवळ्यांचा गुलाबी भुगा, पायांतल्या चपला अजून तशाच.

"नको गं," ती म्हणाली. "परत कुणापुढे उभं राहायचं त्राण नाही उरलं. दार तेवढं हळू लाव. ते दोघं झोपलेत."