नव्या आवृत्तीतलं रान

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते कर्नाटकाच्या सीमाभागातल्या रामनगरच्या हायस्कुलात मला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मला इंग्रजी वाचता येऊ लागलं ते पाठ्यपुस्तकामुळे नाही, सरांकडच्या एका खेळाच्या पुस्तकामुळे. त्या खेळात चारपाच जण टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट सांगतो, राक्षसांच्या वतीनेही तोच बोलतो, आणि कुणाचं काय झालं ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही गावकर म्हणायचो, कारण आमच्या खेड्यांत शेवटचा शब्द गावकराचा असतो. सर आमचे गावकर. नियम इंग्रजीत, खेळ मराठीत आणि भांडणं कन्नडात. एखाद्या नियमावरून भांडायचं असेल तर आधी तो मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगायचा, ही सरांची अट. असा भांडत भांडत मी पदवीधर झालो.

आता मी जोयड्याच्या कचेरीत कारकून आहे. रामनगरहून रोज बसने जातो आणि येतो. सर निवृत्त होऊन बेळगावला गेले, तरी रविवारी खेळायला यायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. आमचं रविवारचं टेबल त्यानंतर कधी भरायचं, कधी नाही. भरलं तरी कुणी ना कुणी जांभया देत असायचं, बहुधा मीच.

अशात सरांनी पार्सलने त्या खेळाची नवी आवृत्ती पाठवली. पाठोपाठ काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला.

"ते म्हणतायत, वाच आणि एकदा खेळून बघ. टेबल चालणार असेल तर हे खेळायला येतील. गावकर तू व्हायचं."

"काकू, मला कुठं जमतंय..."

"चालणार नसेल तर तसंही कळव म्हणतायत. उगीच वाट बघायला लावू नको. आणि पत्रानं कळव. फोनवर तू नुसता हो ला हो करतोस."

मागून सरांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण हसणं ओळखीचं होतं.

पुस्तक मी बसमध्ये वाचलं. जुनी आवृत्ती म्हणजे झेरॉक्सचा स्पायरल केलेला गठ्ठा होता, चित्रं काळी पडलेली. ही जाड, गुळगुळीत, पानापानावर रंग. मांडीवर धरून पाय बधिर व्हायचा. जुन्या खेळात नवखा मांत्रिक एक मंत्र म्हणायचा आणि मग दिवसभर बाकीच्यांच्या मागे लपायचा. इथे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सगळं येतं. समजावून सांगितलंय छान, माझ्यासारख्याला कुठे अडायला होत नाही. पण दोन प्रकरणं झाल्यावर मला कुणाचीच काळजी वाटेना. आणि एक नियम तर मी तीनदा वाचला: रात्रभर झोप घेतली की सकाळी सगळ्या जखमा भरलेल्या. पूर्वी महिना महिना खाटेवर काढावा लागे. तो नियम वाचता वाचताच मला डुलकी लागली, आणि जोयड्यात कंडक्टरने उठवलं.

रविवारी दुपारी आम्ही कॅसलरॉकला जमलो. तिथे आमच्यातला एक रेल्वेत ट्रॅकमन आहे; त्याच्या क्वार्टरमध्ये. दुसरा बाजारकुणंगचा, भातशेती करणारा. तिसरी आमच्या वर्गातली, आता रामनगरात औषधाचं दुकान चालवते. तिला आम्ही तेव्हापासून अक्काच म्हणतो. मी नव्या पुस्तकातली पहिली गोष्ट सुरू केली. वाटेत ट्रॅकमनचा योद्धा खड्ड्यात पडून अर्धमेला झाला, तरी ठीक चाललं होतं. मग मी वाचलं, "तुम्ही रानात शिरता, एक झाड तोडता आणि शेकोटी पेटवता."

"थांब रं," बाजारकुणंगवाला म्हणाला. "शिवेवर गाऱ्हाणं कुणी घातलं?"

"पुस्तकात न्हाई ते."

"पुस्तकात न्हाई म्हणून तसाच शिरनार व्हय? तुझा बा शिरायचा काय तसा?"

सर असताना हा प्रश्न आला नसता. रान लागलं की ते फासे बाजूला ठेवायला लावायचे आणि कुणीतरी रानाच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून आत यायची परवानगी मागेपर्यंत थांबायचे. मी ते विसरून पुस्तक वाचत सुटलो होतो. तो उठून उभा राहिला आणि हात जोडले.

"बा राखणदारा, आमी परमुलखाची मानसं. तुझ्या शिवेत आलाव. चुकलंमाकलं पोटात घाल, वाट दाव."

"व्हय म्हाराजा," बाकीचे दोघे म्हणाले.

पुस्तकाप्रमाणे याच वेळी रानाचा देव बाहेर येतो आणि त्याला मारायचं असतं. त्याला किती घाव लागतील ते आकड्यात दिलेलं. मी ते वाचून दाखवलं. अक्का म्हणाली, "राखणदाराला मारू? डोकं फिरलंय काय लिहिनाऱ्याचं!" मग त्यांनी त्याला नारळ दिला, जो कुणाच्याच सामानात नव्हता, आणि वाळकं लाकूड कुठलं घेऊ ते विचारत बसले. राखणदाराचं बोलणं मला जमेल तसं मी बोललो. चहा झाला तरी आम्ही शिवेवरच. एकही लढाई झाली नाही.

शेवटी सगळे वीर झोपले आणि मी झोपेचा नियम सांगितला. ट्रॅकमन गुडघा चोळत हसला.

"एका रातीत? ह्या लेखकाला आठ दिस आमच्या गँगमधी घाटात पाठवा. मग लिही म्हणावं."

"ऱ्हाऊ दे की रं," अक्का म्हणाली. "खेळात तरी सकाळी बरं वाटू दे."

मग मी सरांचा निरोप सांगितला आणि विचारलं, टेबल चालवायचं का? ट्रॅकमनला ड्युटी होती, बाजारकुणंगवाल्याची शेतं, अक्काचं दुकान. कुणी हो म्हणालं नाही. मीही नाही.

"सर आले तर त्यास्नी कोन करायचं?" बाजारकुणंगवाल्याने मधेच विचारलं.

"मांत्रिक नको," अक्का म्हणाली. "मंत्र मोठ्यानं म्हनायला लागतात."

"तिरंदाज."

"त्याला दोन हात लागतात, शान्या."

"खेळात हाय की दोन हात," ट्रॅकमन म्हणाला. "आनि कोन व्हायचं ते सरांस्नीच ठरवू दे. आपन कोन सांगनार?"

गाडीची वेळ होईपर्यंत ते यावरच वाद घालत राहिले. घरी आल्यावर मी हे पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टाकलं.

"सर आणि काकूंना नमस्कार.

पुस्तक वाचलं. शिकायला सोपं आहे, भीती मात्र कमी वाटते. रानाचा भाग आम्हाला पटला नाही, तो आपला आपणच खेळू. झोपेच्या नियमावर दोन मतं पडली, म्हणून तूर्त तसाच ठेवला आहे.

टेबलाबद्दल खरं सांगतो. आम्ही सगळे दमलेले असतो. दर रविवारी जमणार नाही. महिन्यातून एकदा जमेल, आणि तेवढं मी चालवीन. तुमच्यासारखी गोष्ट मला सांगता येत नाही, पुस्तकात बघून अडखळत सांगतो. तुम्हाला कंटाळा येईल, पण टेबल बंद करतो असं माझ्याच्याने लिहवत नाही.

तुम्ही या. कोण व्हायचं ते ठरवून या. बोलायला वेळ लागला तर लागू दे, आमच्यापैकी कुणाला घाई नाही. काकूंनी बेळगावला लोंढ्याच्या गाडीत बसवून द्यावं, लोंढ्याला मी फलाटावर असेन. पुढे कॅसलरॉकपर्यंत आपण बरोबरच जाऊ.

आपला विद्यार्थी"