नागिणीचं माप

कुणाची कंबर वाढली, कुणाचा खांदा उतरला, हे त्या माणसाच्या आधी शिंपिणीला कळायचं. नजरेवर एवढा भरवसा, म्हणूनच फसली. सहा वर्षांच्या धाकटीच्या कमरेवर डाव्या बाजूला लाल पुरळ उठलं, तर हिनं ठरवून टाकलं की चड्डीचं इलास्टिक काचलं. उसवलं, सैल केलं, तेल चोपडलं, झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पाण्याने भरलेले फोड झाले होते आणि पोर अंगाला कापड लागू देईना.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "अगं, ही नागीण! कमरेला वेढा घालते. तोंड-शेपूट जुळलं की माणूस गेलंच."

"लहान पोरांना कुठे होते? म्हाताऱ्यांना होते."

"मग मला का नाही झाली?"

"तुमच्या वाटेला जायची तिची छाती नाही!"

बोलून गेली खरी, पण हात गळ्यातल्या टेपकडे गेला. मणक्यापासून शेवटच्या फोडापर्यंत पाच इंच. दुपारी सहा. संध्याकाळी सात. गणवेशांचा ढीग तसाच पडला.

"आई, सारखी काय मोजतेस गं?"

"फ्रॉक शिवायचाय तुला."

"मग फुग्याच्या बाह्या हव्यात."

शिंपिणीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. कंबर एकवीस. उरले चौदा. दिवसाला दोन. आज बुधवार, म्हणजे पुढचा बुधवार. पोटच्या पोरीच्या मरणाचा वार काढला तिनं. मग पोरीला चादरीत गुंडाळलं आणि दवाखाना बंद व्हायच्या आत धावली. ही अक्कल सकाळी सुचायला हवी होती.

"नागीणच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वेढाबिढा काही घालत नाही. एका नसेच्या वाटेनं येते, एकाच बाजूला राहते. हिला कांजिण्या कधी झाल्या होत्या?"

"पाच महिन्यांची होती. थोरलीनं शाळेतून आणल्या."

"तेच. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो. इतक्या तान्हेपणी झाल्या की लहान वयातच नागीण होऊन उठायची भीती जास्त. लस घेतलेल्या मुलांत हे फार कमी दिसतं. हिला तेव्हा देता आली नसती, वर्षाच्या आत देत नाहीत. पण थोरलीला दिली होती ना?"

थोरलीच्या लशीची तारीख ऐन गणवेशांच्या हंगामात आली होती. कांजिण्या काय, सगळ्यांनाच होतात, म्हणून शिंपिणीनं ती घालवली. पुढची घेतलीच नाही.

"जगेल ना?"

"अहो, जगेल! दोन-तीन आठवडे त्रास होईल. औषध आजच सुरू करा."

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. एवढा वेळ देवाला बोल लावत होती, आता तीही सोय उरली नाही.

घरी धाकटीनं पहिला चमचा थुंकला आणि कमरेला धरून किंचाळली. दहा वर्षांची थोरली दारातच थिजली. "आई, माझ्यामुळे झालं का हिला?"

"नाही. तुला लस द्यायची होती, मी नेलं नाही. माझ्यामुळे झालं."

थोरलीनं बहिणीचे हात घट्ट धरले. शिंपिणीनं पुन्हा चमचा भरला.